मूल सज्ञान झाले, शिक्षण सुटले: पोटगीचा आदेश कसा बदलून घ्यावा

मुलाने कॉलेज सोडले आणि तो कामाला लागला, ही बातमी विभक्त राहणाऱ्या वडिलांपर्यंत बहुधा एखाद्या नातेवाइकाकडून पोहोचते आणि पुढच्याच महिन्यापासून त्यांच्याकडून जाणारी पोटगी थांबते. वर्षभराच्या आत वसुलीचा अर्ज दाखल होतो आणि नोटीस किंवा वॉरंट घेऊन कुणीतरी दारात उभे राहते. अशा वेळी वडील सांगतात ते खरेही असते. मुलगा खरोखरच कमावत असतो. पण ती गोष्ट न्यायालयाला कुणी सांगितलेली नसते. न्यायालयाच्या दप्तरी त्या दिवशीही जुनाच आदेश उभा असतो आणि त्याप्रमाणे रक्कम येणे बाकी दिसते. म्हणून हा लेख पैसे कसे थांबवावेत याविषयी नाही. आदेश रीतसर कसा बदलून घ्यावा आणि तो बदलेपर्यंत काय सांभाळावे, याविषयी तो आहे. पोटगी घेणाऱ्या आईला आणि स्वतः मुलांनाही यातील बराच भाग उपयोगी पडेल, कारण कोणता हक्क संपतो आणि कोणता शिल्लक राहतो हे त्यांनाही तितकेच नेमके माहीत असायला हवे.

पहिले काम: आदेश हातात घेऊन वाचा

मोबाईलमधला फोटो किंवा वकिलांनी पूर्वी तोंडी सांगितलेली माहिती यांवर विसंबू नये. ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करून आदेशाची प्रमाणित नक्कल काढावी. प्रकरणाचा क्रमांक हरवला असेल तर ई-कोर्ट्स सेवेवर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो आणि तिथे १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. महाराष्ट्रातील कुटुंब न्यायालयांत फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम १२५ खालील पोटगीचे अर्ज ‘ई’ या अक्षराने नोंदवले जातात, त्यामुळे क्रमांकावरूनही प्रकरण कोणत्या प्रकारचे होते याचा अंदाज येतो.

निकालपत्र लांबलचक असले तरी तुमचा संबंध प्रामुख्याने शेवटच्या पानावर ‘आदेश’ या शीर्षकाखाली असलेल्या चार-पाच ओळींशी आहे. तिथे साधारण असे लिहिलेले असते: ‘गैरअर्जदाराने अर्जदार क्र. १ हिला दरमहा रु. ८,००० आणि अर्जदार क्र. २ व ३ यांना प्रत्येकी दरमहा रु. ६,००० अर्जाच्या तारखेपासून द्यावेत.’ या वाक्यात ‘अर्जदार क्र. २ व ३ सज्ञान होईपर्यंत’ असे शब्द आहेत की नाहीत, हे बोट ठेवून पाहावे. ते असतील तर तुमची बाजू बरीच सोपी आहे. ते नसतील तर रक्कम आपोआप थांबली असे वसुलीच्या टेबलावर कुणी मानणार नाही. पोटगी समझोत्याने ठरली असेल तर तिथे बहुधा ‘पदवीचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत’ किंवा ‘नोकरी लागेपर्यंत’ अशी शब्दरचना असते आणि सगळा वाद पुढे त्या तीन-चार शब्दांभोवतीच फिरतो.

आणखी एक गोष्ट इथेच तपासावी. आदेशात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा लिहिला आहे, की ‘अर्जदार क्र. १ ते ३ यांना एकत्रित रु. १८,०००’ असे म्हटले आहे? एकत्रित रक्कम असेल तर तिला तीनने भागून एक भाग स्वतःहून वजा करता येत नाही. ती विभागणी न्यायालयानेच करावी लागते आणि ती समान तीन भागांत होईलच असे नाही. घरभाडे, वीज, किराणा हे खर्च एक माणूस कमी झाला म्हणून तितक्या प्रमाणात उतरत नाहीत.

दुसरे काम: आदेश कोणत्या कायद्याखालचा आहे ते ओळखा

अनेक जण इथे चुकतात. ‘शिक्षण संपले की पोटगी संपते’ असा समज सर्वत्र आहे, पण आपल्या कायद्यांनी शिक्षण ही मर्यादा घातलेली नाही. कायदा बहुतेक ठिकाणी वय पाहतो आणि काही ठिकाणी स्वतःचे पोट भरण्याची क्षमता पाहतो. शिक्षणाची अट येते ती समझोत्याच्या कलमांतून किंवा न्यायाधीशांनी आदेशात घातलेल्या शब्दांतून.

फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सर्वांच्या ओळखीचे आहे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. धर्म कोणताही असो, हे कलम सर्वांना लागू होते. सज्ञान झालेल्या अपत्याला या कलमाखाली पोटगी मिळते ती शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे अथवा इजेमुळे ते स्वतःचे पोट भरू शकत नसेल तरच, आणि विवाहित मुलगी त्यातूनही वगळलेली आहे. धडधाकट मुलाच्या बाबतीत अठरावे वर्ष पूर्ण होताच या कलमाचा आधार सुटतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये जुन्या कलमासंदर्भात स्पष्ट केले आहे. म्हणजे मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे की त्याने बारावीनंतर शिक्षण सोडले, हा प्रश्न या कलमापुरता दुय्यम ठरतो.

मुलीचे मात्र वेगळे आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ याच्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून निर्वाह करू शकत नसेल तर सज्ञान झाल्यावरही तिला पोटगीचा हक्क राहतो. १५ सप्टेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही धागे सुटे करून दाखवले: कलम १२५ खाली सज्ञान, सुदृढ मुलीला पोटगी मागता येणार नाही, पण १९५६ च्या कायद्याखाली ती लग्न होईपर्यंत मागू शकते. त्याच कायद्यात ‘निर्वाह’ या शब्दाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण, औषधोपचार हे सगळे येते आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत लग्नाचा वाजवी खर्चही येतो. त्यामुळे ‘तिने कॉलेज सोडले, आता माझी जबाबदारी संपली’ हे म्हणणे मुलीच्या बाबतीत टिकत नाही. ती कमावती आहे आणि त्या कमाईत तिचा निर्वाह होतो हे पुढे यावे लागते. शिवाय हे कलम आई आणि वडील दोघांवरही जबाबदारी टाकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

घटस्फोटाच्या दाव्यात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांच्या निर्वाहाचा आणि शिक्षणाचा आदेश झाला असेल तर तो अज्ञान मुलांसाठी असतो आणि तो बदलण्याचा अधिकार त्याच कलमाने न्यायालयाला दिलेला आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ मध्ये अपत्य म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. तिथे परिस्थिती बदलल्यावर आदेश बदलण्यासाठी कलम २५ आहे. गोव्यातील वाचकांनी हिंदू कायद्यांविषयीचा भाग स्वतःला जसाच्या तसा लावू नये, कारण तिथे कौटुंबिक संबंधांना पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता लागू आहे. कलम १४४ मात्र तिथेही आहे.

तिसरे काम: शिक्षण खरोखर सुटले आहे का, हे पुराव्याने ठरवा

समझोत्यात शिक्षणाची अट असेल तर ऐकीव माहितीवर अर्ज करणे घातक ठरते. बारावीनंतर नीटसाठी एक वर्ष ड्रॉप घेतलेला मुलगा शिक्षण सोडलेला नसतो. एटीकेटी लागलेली किंवा वर्ष वाया गेल्याने घरी बसलेली मुलगीही शिक्षणाबाहेर गेलेली नसते. कॅप राउंडची (केंद्रीभूत प्रवेशफेरीची) वाट पाहणारा, डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी थांबलेला, मुक्त विद्यापीठात नाव घालून दिवसा दुकानात काम करणारा, या सगळ्यांच्या बाबतीत न्यायालय बारकाईने पाहते आणि ते योग्यच आहे. आईवडिलांच्या भांडणात आधीच भरडलेल्या मुलाचे एक अवघड वर्ष त्याच्या खात्यावर ‘शिक्षण सोडले’ म्हणून नोंदवले जाऊ नये, असे मला मनापासून वाटते.

ज्यांच्यावर भिस्त ठेवता येते ते पुरावे साधे असतात. वयासाठी महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला पुरतो. शिक्षण सुटल्यासाठी शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, शेवटची गुणपत्रिका, त्या वर्षी फी भरल्याची किंवा न भरल्याची नोंद उपयोगी पडते. नोकरीसाठी नियुक्तीपत्र, पगारपत्रक, फॉर्म १६, भविष्यनिर्वाह निधीची नोंद असे कागद लागतात. अडचण ही असते की हे कागद वडिलांकडे नसतात आणि कॉलेज ते बाहेरच्या माणसाला देत नाही. माहिती अधिकारात अर्ज केला तरी वैयक्तिक माहिती म्हणून तो बहुधा नाकारला जातो. अशा वेळी कॉलेजच्या कार्यालयात हुज्जत घालू नये किंवा मुलाच्या मागावर कुणाला सोडू नये. अर्ज दाखल केल्यावर न्यायालयाकडेच मागणी करावी की समोरच्या पक्षाला ही कागदपत्रे हजर करण्याचा हुकूम द्यावा, आणि गरज पडली तर कॉलेजच्या किंवा आस्थापनेच्या संबंधित कर्मचाऱ्याला नोंदींसह साक्षीसाठी समन्स काढावे. समाजमाध्यमांवरील गणवेशातले छायाचित्र हा फार तर चौकशीचा धागा आहे. त्यावर निकाल मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

आणि तोवर पैसे देत राहा

समजा, वर दिलेल्या नमुन्यातल्याप्रमाणे मुलाचा हिस्सा ६,००० रुपये आहे आणि वडिलांनी तो १४ महिने दिला नाही. थकबाकी ८४,००० रुपयांवर जाते. कलम १४४ मध्ये देय तारखेपासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करता येतो, दंडाच्या वसुलीसारखे वॉरंट निघू शकते आणि त्यानंतरही न दिलेल्या रकमेसाठी एका महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी सांगितले आहे. शिवाय आदेश मोडून बसलेला माणूस तोच आदेश बदलून मागायला उभा राहिला की त्याच्या खऱ्या बाजूवरही सावली पडते.

म्हणून पत्नीचा हिस्सा आणि अज्ञान मुलांचा हिस्सा यांना हात लावू नये. त्यांचा या वादाशी संबंधच नाही. वादातला हिस्साही शक्यतो देत राहावा, किंवा अर्जासोबतच तो न्यायालयात जमा करण्याची परवानगी मागावी. रोख देऊ नये. बँकेतून पाठवताना शेऱ्याच्या रकान्यात महिना आणि कुणाचा हिस्सा हे लिहावे: ‘जून पोटगी, अर्जदार २’. तीन वर्षांनी उलटतपासणीत हीच एक ओळ पासबुकातून बोलते. मुलाच्या हातात परस्पर दिलेले पैसे, त्याला घेऊन दिलेला मोबाईल किंवा दुचाकीचे हप्ते हे पोटगीत धरले जातील असे गृहीत धरू नये.

दिलेली रक्कम मागे जाऊन परत मिळवणे कठीण असते. फार तर पुढच्या रकमेत वळती करून मिळावी अशी विनंती करता येते. बदल कोणत्या तारखेपासून लागू करायचा हे न्यायालय ठरवते, म्हणून अर्जाला उशीर करण्यात तुमचेच नुकसान आहे. मुलाचा अठरावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला की कागदांची जमवाजमव सुरू करावी, म्हणजे वाढदिवसानंतर लगेच अर्ज करता येतो.

आधी बोलून पाहा

सगळ्याच प्रकरणांत लढाईची गरज नसते. समोरच्या पक्षाला एक शांत भाषेतले पत्र लिहावे: मुलगा अमुक तारखेला सज्ञान झाला, आमच्या माहितीप्रमाणे तो शिकत नाही, तसे नसल्यास बोनाफाईड दाखला पाठवावा, आणि असल्यास आपण मिळून न्यायालयाला कळवू. दोघांचे एकमत झाले तर दोघांच्या सहीची पुरसीस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) दाखल करून आदेशात बदल नोंदवून घेता येतो. आपापसांत स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले आणि न्यायालयाला कळवलेच नाही, तर मूळ आदेश तसाच जिवंत राहतो. कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक असतात आणि प्रकरण मध्यस्थीकडेही जाऊ शकते. पुष्कळदा तिथे मधला रस्ता निघतो, म्हणजे दरमहा रक्कम थांबते पण मुलाच्या आयटीआयची किंवा एखाद्या कोर्सची फी वडील थेट संस्थेत भरतात. मला हा मार्ग सर्वांत समंजस वाटतो, कारण त्यात पैसा नेमका कुठे गेला याचा संशय उरत नाही.

अर्ज आणि सुनावणी

कलम १२५ किंवा १४४ खालचा आदेश बदलण्यासाठी आता कलम १४६ खाली अर्ज करायचा असतो. पूर्वीचे कलम १२७ ते हेच. परिस्थितीत बदल झाला आहे हे सिद्ध झाले की न्यायालय रक्कम वाढवू, कमी करू किंवा थांबवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रकरणांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घातली त्यांत आधीच्या आदेशात बदल हवा असल्यास तो त्याच प्रकरणात मागावा असे म्हटले आहे, आणि आधीची सर्व प्रकरणे व आदेश उघड करणे बंधनकारक केले आहे. पुण्यात झालेला आदेश गैरसोयीचा म्हणून नागपुरात नवे प्रकरण काढू नये. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय हे काम पाहते.

अर्जात मूळ आदेशाची तारीख व त्यातील रकमा, मुलाची जन्मतारीख, बदललेली परिस्थिती, आजवर दिलेल्या रकमांचा महिनावार तक्ता आणि नेमकी मागणी असावी. मागणी नेमकी म्हणजे ‘पोटगी रद्द करावी’ अशी मोघम नव्हे, तर ‘अर्जदार क्र. २ च्या हिश्श्याची दरमहा रु. ६,००० ही रक्कम अमुक तारखेपासून रद्द करावी’ अशी. सोबत प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी आणि २०२० च्या निकालातील नमुन्याप्रमाणे मालमत्ता व दायित्वांचे प्रतिज्ञापत्र जोडावे. स्वतःचा पगार लपवून मुलाच्या पगाराकडे बोट दाखवणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र पहिल्याच उलटतपासणीत उघडे पडते. वसुली आधीच सुरू असेल तर तिला तात्पुरती स्थगिती मिळावी म्हणून वेगळा अर्ज द्यावा, कारण बदलाचा अर्ज नुसता दाखल झाल्याने वसुली थांबत नाही. कुटुंब न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नसल्याने तशी परवानगी मागणारा अर्जही सोबत लागतो.

पोटगी समझोत्याच्या हुकूमनाम्यातून (डिक्रीतून) आली असेल तर समोरचा पक्ष दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतो आणि तुमचे म्हणणे तिथे हरकत म्हणून मांडावे लागते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ प्रमाणे हुकूमनाम्याची पूर्तता झाली की नाही हे तेच न्यायालय ठरवते. मात्र ते हुकूमनाम्याच्या शब्दांपलीकडे जात नाही. ‘शिक्षण पूर्ण होईपर्यंत’ असे लिहिले असेल आणि मुलाने ते अर्धवट सोडले असेल, तर ‘पूर्ण’ या शब्दावरच युक्तिवाद होतो.

पुढे नोटीस बजावणी, समोरच्याचे म्हणणे, सरतपासणीची (स्वतःच्या बाजूच्या साक्षीची) प्रतिज्ञापत्रे, उलटतपासणी आणि युक्तिवाद हा नेहमीचा क्रम. तारखांना हजर राहावे. अर्ज तुमचा असताना गैरहजर राहिलात तर तो निकाली निघतो आणि जुना आदेश तसाच चालू राहतो. निकाल विरुद्ध गेला तर कलम १४६ च्या आदेशाविरुद्ध कुटुंब न्यायालयाच्या बाबतीत उच्च न्यायालयात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या बाबतीत सत्र न्यायालयात पुनरीक्षण (रिव्हिजन) अर्ज करता येतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील आदेशाविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील असते.

आईने आणि मुलांनी काय करावे

अर्जाची नोटीस आली म्हणून घाबरून जाऊ नये आणि ती टाळूही नये. मूल शिकत असेल तर चालू वर्षाचा बोनाफाईड दाखला, फीच्या पावत्या, वसतिगृह किंवा खाणावळीचा खर्च आणि प्रवासाचे पास लगेच दाखल करावेत. अविवाहित मुलगी असेल आणि जुना आदेश कलम १२५ खालचा असेल, तर तिच्यासाठी १९५६ च्या कायद्याखाली स्वतंत्र मागणी वेळेत करावी. वडिलांचा अर्ज मंजूर होऊन घरातला पैसा आटल्यावर धावाधाव करण्यात महिने जातात. मुलाचा हिस्सा कायद्याने थांबणारच असेल, तर त्याच्या शिक्षणाचा भार आता आपल्या एकटीवर आहे या कारणाने आईला स्वतःच्या हिश्श्यात वाढ मागता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अशाच परिस्थितीत, सज्ञान मुलगा पदवी पूर्ण करेपर्यंत किंवा कमावू लागेपर्यंत, आईला वाढीव अंतरिम रक्कम दिली होती. हा निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण तो दाखवता येतो. महिलांना आणि अठरा वर्षांखालील मुलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

मूल खरोखर कमावू लागले असेल तर ते लपवू नये. पगार बँकेत जमा होतो, त्याची नोंद राहते, आणि खोटे प्रतिज्ञापत्र उघड झाले की ज्या धाकट्या मुलीचा हक्क निर्विवाद आहे तिच्या मागणीवरही संशय येतो.

आदेश बदलल्यानंतरचे शेवटचे काम छोटे असले तरी ते राहून जाते. पोटगी पगारातून कपात होत असेल तर नव्या आदेशाची प्रमाणित नक्कल कार्यालयाच्या आस्थापना किंवा लेखा शाखेत स्वतः नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. ती शाखा न्यायालयाचा नवा निकाल शोधत बसत नाही. तिच्या फायलीत जुना आदेश असेल तोवर दर महिन्याला जुनीच रक्कम कापली जाते.